चौघांत एक, रीडिंग लिहायला

बारावीच्या पालकसभेत भौतिकशास्त्राच्या सरांनी माझ्या मुलीचं कौतुक केलं. अक्षर मोत्यासारखं आहे, म्हणाले. तिच्या गटाचं जर्नल ते बाकीच्या गटांना दाखवायला वर काढून ठेवतात, असंही म्हणाले. मी मागच्या बाकावर बसलो होतो. आजूबाजूच्या दोन-चार जणांनी वळून पाहिलं, बरं वाटलं. बुलढाण्याहून परत येताना देऊळघाटला गाडी थांबवून जिलेबी घेतली आणि घरी आल्यावर बायकोला सगळं जसंच्या तसं सांगितलं.

मुलगी जेवायला बसली होती. तिनं विचारलं, "सर अक्षराचंच बोलले? अजून काही नाई?"

"अजून काय पाह्यजे तुले?" बायको म्हणाली.

"काही नाई," म्हणून तिनं जिलेबीचा तुकडा मोडला.

आमची तीन एकर भाजीपाल्याची जमीन आहे, देऊळघाटच्या पुढे फाट्यावरून आत. ठिबकवर वांगी, मिरची, टोमॅटो. मी मापानं चालणारा माणूस आहे. कोणत्या ओळीला किती वेळ पाणी, किती दाबानं, हे अंदाजानं केलेलं मला चालत नाही. हा गुण म्हणा की खोड, मुलीत उतरला आहे. आठवीपासून रविवारी सकाळी ती माझ्यासोबत शेतात येते. फिल्टरच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब वाचून, फिल्टर उघडायच्या आधीच, किती गाळ अडकला असेल ते सांगते. एकदा मोटार सारखी बंद पडत होती, तर तिनं मला स्टार्टरपासून एकेक गोष्ट तपासायला लावली आणि शेवटी विहिरीजवळची सैल झालेली वायर सापडली. तेव्हापासून घरात ठरल्यासारखंच होतं की ही फिजिक्स घेणार, पदवी करणार, मग त्याच्याही पुढे जाणार. पुढे म्हणजे कुठपर्यंत हे तिलाही नीट माहीत नव्हतं आणि मला तर नव्हतंच. पण तिला ते पाहिजे होतं, एवढं आम्हा दोघांना स्पष्ट होतं.

पालकसभेनंतरच्या रविवारी फिल्टर धुता धुता ती म्हणाली, "बाबा, दोन वर्षांत मी लॅबमधल्या एकाही यंत्राले हात लावला नाई."

मला वाटलं ती वाढवून सांगते आहे. मग तिनं सगळं सांगितलं. यंत्रं कमी, म्हणून एका टेबलावर चौघं. गणिताच्या बॅचमध्ये मुली थोड्या, म्हणून सर प्रत्येक टेबलावर एकेक मुलगी देतात. पोरं वायरी जोडतात, यंत्र लावतात आणि आकडा ओरडून सांगतात. मुलगी लिहून घेते. प्रॅक्टिकल शेवटच्या दोन तासांना असतं. मुलींची बस पाचला सुटते, त्यामुळे लिहिणारीला लिखाण संपवून पळावं लागतं. पोरं मागे राहतात, शिपाई हाकलेपर्यंत यंत्राशी खेळत बसतात. यंत्र खरं तर तेव्हाच कळतं, ती म्हणाली, सर समोर नसतात तेव्हा.

"मग मागायचं की हातात," मी म्हणालो.

"मागतलं ना. तं म्हणतात, तू लिही वो, आमचं अक्षर आमालेच वाचता येत नाई. सारे हासतात. मी बी हासते."

मग म्हणाली, "किती यायले पाह्यजे ते मी आधीच काढून ठेवते. त्याईचं चुकलं तं मलेच कळते. मी सांगते, मंग ते पुन्हा लावतात."

म्हणजे चूक हिनं शोधायची आणि यंत्राला हात त्यांनी लावायचा. त्या दिवशी वांग्यांच्या दोन ओळींना पाणी सोडायचंच राहून गेलं माझ्याकडून.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात गेलो आणि सरावाच्या प्रॅक्टिकलचे मार्क पाहायला मागितले. माझी अपेक्षा होती की मुलींचे मार्क कमी असतील आणि मग मला बोट ठेवायला जागा मिळेल. तसं काही नव्हतं. जवळपास सगळ्या मुली मुलांच्या पुढे होत्या. जर्नल नीटनेटकं, तोंडी उत्तरं बरोबर, मार्क जास्त. मी आयुष्यभर आकड्यांवर विश्वास ठेवला. माणूस खोटं बोलेल, आकडा बोलणार नाही, असं मी घरात कितीदा तरी म्हटलं असेल. आणि इथे आकडे सांगत होते की मुलींचं उत्तम चाललं आहे. कोणी वरून तपासायला आलं असतं तर पाठ थोपटून गेलं असतं. हातानं काय केलं याचा रकानाच त्यात कुठे नव्हता.

सर वाईट माणूस नाहीत, हे सांगायला पाहिजे. पोरांसाठी सुटीच्या दिवशी येणारे आहेत. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि सगळं समजावून सांगितलं. आधी ते मुलींचा वेगळा गट करत. पण पाचच्या बसच्या धास्तीनं त्यांचा प्रयोग अर्धा राहायचा आणि जर्नलही अर्धं राहायचं. म्हणून त्यांनी मुली वाटून दिल्या. तेव्हापासून एकाही विद्यार्थ्याचं जर्नल अपुरं राहिलेलं नाही.

"पोरांची जर्नलं पुरी झाली सर," मी म्हणालो. "पोरींचं काय पुरं झालं?"

"भाऊ, मार्क पाहा ना तिचे."

मी म्हटलं, प्रॅक्टिकल सकाळी घ्या. ते म्हणाले, सकाळी जीवशास्त्राचं असतं, तिकडे मुली जास्त, त्यांना बस गाठायची असते. गणित-फिजिक्सला मुली कमी, त्यामुळे ही वेळ बदलायचं कारण पडत नाही. मी म्हटलं, वेळ अशी आहे म्हणूनच इकडे मुली कमी नसतील कशावरून? यावर ते हसले आणि म्हणाले, तसंही असेल. तसंही असेल! म्हणजे त्यांना मान्य होतं, पण त्यात काही करण्यासारखं दिसत नव्हतं. बसचं विचारलं तर कळलं की ती वाटेतल्या पाच-सहा गावांच्या शाळकरी मुलींना उतरवत जाते, एका कॉलेजासाठी ती थांबणार नाही. ज्याला विचारावं त्याच्याकडे बरोबर उत्तर होतं. सगळी बरोबर उत्तरं एकत्र केली की माझी मुलगी लिहायला बसत होती.

शेवटी सर म्हणाले, गुरुवारी प्रॅक्टिकल संपल्यावर तुमच्या मुलीला थांबवा. टेबल तिला एकटीला देतो. न्यायला मात्र तुम्ही या.

मला वाटलं, एकटीपेक्षा दोघी असलेल्या बऱ्या. गावातल्याच एकाची मुलगी तिच्या वर्गात आहे. मी त्याला विचारलं, दोघींनाही मीच आणतो म्हटलं. तो पारावर चारचौघांत बसला होता.

"अन् सातले पोरगी घरी आली तं लोकाईले काय सांगू?" तो म्हणाला. "तार मोजून राह्यली होती म्हणून?"

सगळे हसले. दुसरा म्हणाला, "काऊन भाऊ, पोरीले चंद्रावर धाडून राह्यले का?" त्यावर तिसरा म्हणाला की चंद्रावरून परतीची बस पाचचीच असते. माझी वहिनी त्याच आठवड्यात घरी आली होती. तिनं साधा सरळ सल्ला दिला, पोरीचं अक्षर चांगलं आहे तर शिकवायच्या लाइनीला टाका, फळ्यावर शोभेल. कोणाच्याही बोलण्यात दुष्टावा नव्हता. मला चीड आली ती त्याचीच. दुष्टावा असता तर भांडता आलं असतं.

गुरुवारी मी साडेपाचला पोचलो. लॅबच्या दारात उभा राहिलो. टेबलावर मीटरब्रिज होता. लाकडी फळीवर एक मीटर लांबीची तार ताणलेली असते. जॉकी नावाची एक टोकदार कळ त्या तारेवर हळूच टेकवत पुढे सरकायचं. एका जागी शेजारच्या मीटरचा काटा बरोबर शून्यावर येतो, ते अंतर वाचायचं. तिनं वायरी स्वतः जोडल्या होत्या. वेळ लागला होता, पण बरोबर होत्या. ती जॉकी टेकवायची, काटा एका बाजूला जायचा, थोडी सरकवायची, काटा दुसऱ्या बाजूला जायचा. घाई नव्हती तिला. शेतात दाब वाचताना तिचा चेहरा जसा होतो, अगदी तसाच झाला होता.

तिच्या गटातली तिन्ही पोरं गेली नव्हती. तिघं भोवती उभी राहून मदत करत होती. जरा उजवीकडे, एवढी जोरात नको दाबू, अरे आता होता शून्यावर, गेला. तिची मान ताठ होत गेली. एक जण म्हणाला, "दे वो इकडं, मी दाखवतो." तिनं नाही म्हटलं. तेवढ्यात शिपाई किल्ल्या वाजवत आला. सरांनी घड्याळ पाहिलं, पुढे झाले आणि प्रेमानंच तिच्या हातातली जॉकी घेतली. दोनदा टेकवली. काटा शून्यावर.

"सर, तिलाच करू द्या," मी दारातून म्हणालो.

"झालंच होतं भाऊ, जरासं राहिलं होतं." मग त्यांनी पट्टीवर वाकून आकडा वाचला आणि मोठ्यानं सांगितला.

माझ्या मुलीनं पेन उचललं आणि तो लिहून घेतला.

सरांनी उशिरापर्यंत थांबून लॅब उघडी ठेवली होती. मी त्यांचे आभार मानले.

गाडीवर ती मागे बसली. देऊळघाट मागे गेल्यावर म्हणाली, "बाबा, मी फार्मसी भरीन."

मी गाडी बाजूला घेतली. म्हटलं, एका दिवसावरून असं ठरवायचं नसतं. तुला जमत होतं, मी पाहत होतो. अजून चार गुरुवार घेऊ, मी दर वेळी येईन.

"जमते मले. मले माहीत हाये जमते." ती रडत नव्हती, हिशेब सांगावा तसं सांगत होती. "पण तुमी सरांच्या पाया पडून मले एक तास आणून देता अन् त्याईले दोन वर्षं फुकट भेटले. पुढच्या कॉलेजात बी हेच पोट्टे येतीन. प्रत्येक टेबलावर मी किती वेळ भांडू? मले अभ्यास करायचा हाये, भांडायचं नाई."

मी म्हटलं, भांडणारं कोणी नसेल तर हे असंच चालू राहील. ती म्हणाली, ते खरं आहे, पण तुम्हाला जर भांडायला माझीच दोन-तीन वर्षं पाहिजे असतील तर आधी मला विचारा. मी गाडी पुन्हा सुरू केली.

निकाल लागला. भौतिकशास्त्राच्या प्रॅक्टिकलला तिला पैकीच्या पैकी मिळाले. ती आता फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिथे तिचं चांगलं चाललं आहे आणि तिनं मला कधी दोष दिला नाही. घरी आली की शेतात येते. मी विषय काढायचा प्रयत्न केला तर टोमॅटोचं बोलते.

मागच्या महिन्यात सर बाजारात भेटले. माझ्याच कॅरेटमधली मिरची घेत होते. मुलीची चौकशी केली. फार्मसी म्हटल्यावर म्हणाले, चांगलं केलं, मुलींना फिजिक्सची तेवढी आवड नसते, एवढ्या वर्षांचा माझा अनुभव आहे.

"तिला होती, सर," मी म्हणालो.

ते खरोखरच चकित झाले. "हो का? पण कधी बोलली नाही."

मी मिरची तोलून दिली.