नीराबाईचा एकच डाग

शिंगाळा जाळ्यातून सोडवायचा म्हटलं की आमच्या कोळीवाड्यातले भले भले खलाशी हाताला फडकं गुंडाळतात. त्या माशाचा काटा घुसला की माणूस आईला हाक मारतो, तीही शिवीत गुंडाळून. नीराबाई मात्र उघड्या हाताने शिंगाळे काढायची. एकदा उजव्या हाताच्या पाठीत काटा बोटभर घुसला, रक्त कोपरापर्यंत ओघळलं, आणि ही बाई समोरच्या गिऱ्हाइकाला विचारते, "तुकडं करू का अख्खा नेतोस?"

"हातात आई हाय तिच्या," बायका म्हणायच्या, आई म्हणजे देवी. मीही म्हणायचो. चुलीवरचा तापलेला टोप ती फडक्याशिवाय उतरवायची, आणि लग्नघरच्या पोरी तो हात डोळ्यांना लावायच्या. त्या हाताची हळद लागली की संसार टिकतो, अशी ख्याती होती. तिचा स्वतःचा टिकला नव्हता. नवरा मोरा बंदराला दुसरीकडे नांदायला गेला होता. पण जिवंत होता, म्हणून कुंकू शाबूत, आणि कुंकू शाबूत म्हणून ती आमची धवलारीण.

बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. आमच्यात भटजी येतो तो मुहूर्तापुरता. लग्न खरं लागतं ते धवलारणीच्या गाण्यावर. धवले ती गाते, पहिली हळद ती लावते, आणि तिचा हात लागल्याशिवाय नवरी पाटावरून उठत नाही. चौलपासून इकडे आमच्या वाडीपर्यंत नीराबाईसारखा आवाज नाही. दोन बोटी एकमेकींना घासल्या तर जसा निघेल तसा जाड आवाज, पण गायला लागली की म्हातारे बिडी विझवायचे.

मी विनेश, तिचा शेजारी. आमच्या दोन पडव्यांमध्ये एक कुडाची भिंत, तिला डोळे लावण्याइतपत भोकं. हळदीला साउंड माझा, माईक माझा, आणि दोन धवल्यांमध्ये लोकांना हसवायचं कामही माझंच. ते मला कोणी दिलेलं नाही, मी घेतलंय. दोन वर्षांपूर्वी समोरच्या कुलदीपच्या हळदीत मी तिचे सगळे धवले पेनड्राइव्हवर उतरवले. मध्येच एका ठिकाणी ती माझ्यावर खेकसली होती, "विनेश, माईक सरळ धर, माकडा!" तेही आत आलं. मी कापलं नाही.

तर या जानेवारीत सरकारी दवाखान्याची आशाताई रचना घरोघर फिरत होती. अंगावर कुठे चट्टा आहे का, बघायला. माझ्याकडे आली तेव्हा मी सदरा वर करून म्हटलं, "बघ बाई, काय काय दाखवू?" ती म्हणाली, "दादा, लाज ठेवा." आणि नीराबाईकडे गेली. माझ्या जांघेत तेव्हा गजकर्णाची दोन चांगली पुरीएवढी वर्तुळं होती, पण ती काय दाखवायची वस्तू आहे? आमच्यात कोणाला नसतं गजकर्ण? दिवसभर ओली चड्डी, खारं पाणी, घाम. मेडिकलवाल्याची ट्यूब लावायची, चार दिवस थंड पडतं, पाचव्या दिवशी वर्तुळ शेजारी नवीन बिऱ्हाड करतं.

मी भिंतीला डोळा लावला. रचनाने नीराबाईला डोळे मिटायला सांगितले आणि बॉलपेनचं टोक हलकेच टेकवलं.

"लागलं की तिथंच बोट ठेवायचं, आते."

दंडावर टेकवलं, नीराबाईने बोट ठेवलं. कोपरावर टेकवलं, ठेवलं. हाताच्या पाठीवर, जिथे रुपयाएवढा फिकट चट्टा होता, तिथे टेकवलं. नीराबाई डोळे मिटून देवळातल्यासारखी शांत.

"लागलं?"

"अगो, टेकव तर आधी."

रचनाने पुन्हा टेकवलं. मग जरा दाबलं, बोटांवरही टेकवून बघितलं.

"आता?"

"टेकव की गो! मावरं वाट बघतंय माजं पाटीत."

मला भिंतीआड हसू आवरेना. रचना मात्र हसली नाही. चट्ट्यावर आणि बोटांवर निळे ठिपकेच ठिपके झाले होते आणि नीराबाई बोट हवेत धरून वाट बघत बसली होती. एवढी वर्षं जिला आम्ही आई म्हणून नमस्कार केला, ती आई नव्हती. हात बधिर होता.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी कुष्ठरोग सांगितला. सहा महिने गोळ्या, फुकट, पूर्ण बरा होतो, आणि पहिल्या डोसानंतर कोणाला लागत नाही. रचनाने हे नीराबाईला तीनदा समजावलं. आमच्यात त्या रोगाला कुष्ठरोग कोणी म्हणत नाही. रक्तपिती म्हणतात, आणि म्हणताना थुंकतात.

संध्याकाळी नीराबाई स्वतः माझ्या दारात आली. भिंतीची भोकं तिलाही माहीत होती.

"विनेश, तू बघितलंस."

"मी? छे! मी तर झोपलेलो."

"वैशाखात ऋतिकाची हळद हाय. तंवर तोंड शीव. मंग काय गावभर ढोल पिटायचा तो पीट."

ऋतिका म्हणजे तिच्या धाकट्या भावाची, कमलेशची मुलगी. आई बाळंतपणातच गेली, नीराबाईने पाटीत मासळी आणि काखेत ऋतिका असं तिला वाढवलं. लग्न ठरलं होतं न्हावा शेव्याकडच्या निकेतशी, कंटेनरच्या यार्डात क्रेन चालवणाऱ्या. दुसऱ्यांच्या दोनशे पोरींना हळद लावली, आता आपलीला लावायची, एवढंच नीराबाईचं मागणं होतं.

"माझ्या माईकची शपथ," मी म्हणालो.

तिने पटकन वाकून माझ्या माईकला हात लावला, देवाला लावतात तसा. ती गेल्यावर मी तो डेटॉलने पुसला. खोटं कशाला बोलू?

शपथ मी तीन महिने पाळली. माझ्यासारख्याला तीन महिने म्हणजे काय, ते विचारा! गोळ्यांनी नीराबाईचा रंग काळवंडत चालला. बायका विचारायच्या, "उन्हात लई बसतेस काय गो?" मी जीभ दातांत धरायचो.

मग आली नामाच्या मुलाची हळद. नामा म्हणजे दोन बोटींचा मालक, मांडव समुद्रापर्यंत. नीराबाई हळद लावून गायला बसली होती. तेवढ्यात व्याहीमंडळींतली एक ठसकेबाज बाई पुढे सरकली आणि सोन्याने मढलेल्या पाहुण्यांच्या घोळक्यात नीराबाईच्या मोकळ्या गळ्याकडे बघून म्हणाली, "एवढी नावाची धवलारीण, आणि अंगावर एक डाग न्हाय?"

आमच्यात दागिन्याला डाग म्हणतात. माईक माझ्या हातात. सगळा मांडव माझ्याकडे बघतोय. आता सांगा, असा चेंडू कोणी सोडील?

"हाय की!" मी म्हणालो. "एक डाग हाय. पन सोनारान न्हाय घडवला, सरकारी दवाखान्यात मोफत पॉलिश चाललंय!"

मांडव हसला. नीराबाईही, सवयीने, हसली. मग तिचा उजवा हात आपोआप पदराखाली गेला, आणि त्या हाताकडे बघून बायकांचं हसणं एकेक करून थांबलं. रचना मागे उभी होती. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पटकन गाणं लावलं.

दुसऱ्या दिवशी नवऱ्या मुलाच्या आईने त्याला डेटॉलच्या पाण्याने आंघोळ घातली. बाजारात नीराबाईची सुरमई संध्याकाळपर्यंत तशीच, डोळे पांढरे करून पडलेली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या बाईने स्वतःची पाटी दोन हात सरकवली, चौथ्या दिवशी चार हात. रचनाने बाजारात उभं राहून सांगितलं, "बरा होतो, लागत नाही, तीन महिने औषध घेतलंय." लोकांनी मान डोलावली आणि पलीकडून पापलेट घेतलं.

कमलेश बहिणीकडे आला. मी भिंतीशी होतोच.

"बाय, निकेतच्या घरून फोन आला."

"काय म्हनतात?"

"तू हळदीला नको म्हनतात."

"गाते फकस्त. लांबून गाते. हळद दुसरी कोन लावंल."

"समोर पन नको म्हनतात."

"ऋतिका काय म्हनते?"

कमलेशने मान दाराकडे वळवली. बाहेर लग्नाच्या खरेदीला निघालेली रिक्षा उभी होती. ऋतिका तीत बसूनच होती, उतरली नाही. नीराबाईला ती दारातून दिसत होती.

"धवल्याबिगर लगीन कसं लावशील रं?"

"विनेशकडं हाय की तुजा आवाज," कमलेश म्हणाला. "पेनड्राइव्हात."

मला वाटलं, आता ही मोठ्याने रडेल. ती म्हणाली, "जेवून जा. कालवं हायत." कमलेश जेवला नाही.

आणि तशीच झाली हळद. नवरी पाटावर, चार बाजूंना माझे स्पीकर, आणि स्पीकरांतून नीराबाई. आवाज पाहिजे, हात नको. धवला रंगात आला आणि एकदम मध्येच आलं, "विनेश, माईक सरळ धर, माकडा!" अख्खा मांडव फुटला. ऋतिकाही हसली, मग तोंडावर हात धरून बसली. नीराबाई तेव्हा दोन घरं पलीकडे आपल्या पडवीत कोळंबी सोलत होती. वाऱ्याने सगळं तिच्याकडे जात होतं.

शेजारचा काका म्हणून मीही हळद लावली. उकडत होतं, जांघेत आग पडली होती, खाजवून खाजवून नखं तृप्त झाली होती. त्याच बोटांनी वाडग्यातली हळद घेतली आणि ऋतिकाच्या गालाला फासली. "सुखी राहा," म्हटलं.

तीन आठवड्यांनी निकेतच्या घरच्यांनी ऋतिकाला माहेरी आणून सोडलं. उजव्या गालावर लाल कडेचं वर्तुळ. सासूने तोंडाचा पट्टा सोडला: "तुमच्या घरातली रक्तपिती आमच्या घरात आली. ठेवा तुमची पोर!" कमलेशच्या अंगणात अख्खा कोळीवाडा गोळा झाला. नीराबाईने त्या हळदीला तर दारातूनही डोकावलं नव्हतं, पण कोणाला ते आठवेना. एक म्हणाली आवाजातूनसुद्धा येतं. खरंच म्हणाली!

नीराबाई आली. लोक असे बाजूला झाले जसं बोटीपुढे पाणी फाटतं. तिने कोणाकडे बघितलं नाही. गर्दीतल्या रचनाच्या पिशवीतलं बॉलपेन काढून घेतलं आणि ऋतिकासमोर बसली.

"डोळं मिट."

"आते..."

"मिट. लागलं की बोट ठेव."

तिने पेन वर्तुळाच्या मधोमध टेकवलं. ऋतिकाचं बोट लगेच तिथे.

"लागतं?"

"लागतं."

"खाजतं?"

"लई खाजतं."

"मंग माजं न्हाय. माजं असतं तर काय बी लागलं नसतं तुला." ती उठली, आणि तिची नजर सरळ माझ्यावर आली. माझा उजवा हात तेव्हा, सवयीने, लुंगीवर जिथे असतो तिथेच होता. तिने हातापासून माझ्या तोंडापर्यंत बघितलं. मला वाटलं, आता बोलणार. मी खाजवायचा थांबलो. काय खाज सुटली होती म्हणून सांगू, पण थांबलो.

तिने पेन रचनाला परत दिलं आणि घरी निघून गेली. माझं नाव मीही घेतलं नाही.

अलिबागच्या डॉक्टरांनी गजकर्ण सांगितलं, मेडिकलची ट्यूब लावायची नाही म्हणाले, गोळ्या दिल्या. दीड महिन्यात गाल साफ झाला, ऋतिका सासरी गेली. जाताना आत्याच्या दारासमोरून गेली, गाडीच्या काचा वर होत्या. सासू अजून म्हणते की ती रक्तपितीच होती, वेळेवर पकडली. मी पण त्याच डॉक्टरांकडे गेलो, गुपचूप, दोन एसट्या बदलून.

जुलैत नीराबाईच्या गोळ्या संपल्या. उपचार पूर्ण झाल्याचं कार्ड रचनाने प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिलं. ते घेऊन नीराबाई माझ्याकडे आली.

"आता माजा आवाज पुसून टाक."

मी तिच्यासमोर पेनड्राइव्ह पुसला. अगदी शेवटपर्यंत, तिला पडद्यावर दाखवून. पण चाळीस जणांच्या मोबाइलात तो कधीच गेला होता. आता सगळ्या लग्नांत तोच लावतात. धवलारीण बोलवायला नको, चहा द्यायला नको, पाया पडायला नको.

परवा कुलदीपच्या धाकट्या भावाची हळद होती, आमच्या समोरच्या अंगणात. माईक माझाच. नीराबाई तिच्या ओट्यावर शिंगाळा कापत बसली होती, उघड्या हाताने. अंगातलं दुखणं गेलं, हाताला मात्र अजून लागत नाही, लागणारही नाही म्हणतात. स्पीकरवर धवला चालू होता. ती जागा जवळ आली आणि लोक आधीच हसायला तयार होऊन माझ्याकडे वळले. मी ओट्याकडे बघितलं.

"विनेश, माईक सरळ धर, माकडा!" स्पीकर म्हणाला.

मांडव हसला. मी माईक सरळ धरला, तसे आणखी हसले. नीराबाईने मान वर केली नाही. कोयत्यावरून रक्त ओघळत होतं, आणि इतक्या लांबून मला कळेना, माशाचं की तिचं. तिलाही कळत नसणार.