बाहेरकाठ्यावरची हाक

माझा आवाज जन्मापासूनच मोठा. रोह्याला आमच्या शाळेत परिपाठाला संविधानाची उद्देशिका म्हणायची असली की बाई मलाच पुढं उभं करायच्या, कारण माइक कायम बिघडलेला असायचा. "आम्ही, भारताचे लोक" एवढं मी म्हटलं की मागच्या रांगेतली मुलं चिमटे काढायची थांबायची. घरी आई कपाळाला हात लावायची. "गो, जरा हळू बोल, कुंडलिका नदीच्या पल्याड ऐकू जाईल. सासरी कसं निभायचं तुझं?"

बाबांना मात्र त्या आवाजाचं भारी कौतुक. भात आणि वाल पिकवणारा माणूस, शिक्षण चौथीपर्यंतचं, पण पाठ्यपुस्तकातली उद्देशिका माझ्याकडून मोठ्यानं वाचून घ्यायचा. बाबांचं म्हणणं असं की इंग्रज गेले तेव्हा देश मोकळा झाला, पण गावातला माणूस मोकळा झाला तो ही घटना आली तेव्हा. त्याआधी माझ्या आज्याला कोणी विचारत नव्हतं, बाबा रे, तुला कोण हवाय. आता झक मारत विचारावं लागतं. "आणि तुलापण विचारतील," म्हणायचे, "तेव्हा तोंड उघड." मी उघडलं. त्याचं काय झालं ते सांगते.

लग्न करून मी पेणच्या खाडीकाठच्या गावात आले. इथं भरतीचं पाणी आमच्या शेतांपेक्षा वर असतं. मध्ये असतो तो फक्त मातीचा एक लांबलचक बांध, त्याला बाहेरकाठा म्हणतात. चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, त्याला बिळं पाडतात, बिळातून पाणी झिरपतं, आणि त्यात मोठं उधाण आलं तर खांड पडते, म्हणजे बांध फुटतो. खारं पाणी एकदा आत शिरलं की पुढची काही वर्षं त्या जमिनीत भात विसरायचा. म्हणून गावाचा फार जुना नियम आहे. ज्याला गळती पहिल्यांदा दिसेल त्यानं हाक द्यायची, आणि ज्याच्या कानावर हाक पडेल त्यानं फावडं घेऊन निघायचं. घरटी एक माणूस. ताटावरून उठायचं, भावाभावांत कोर्टकचेरी चालू असली तरी उठायचं, घरात मयत असलं तरी उठायचं. मला हा नियम इतका आवडला होता की माहेरी गेले की सगळ्यांना सांगत सुटायचे.

गावाचे दुसरेही नियम होते, ते गावकीचे. गावकी म्हणजे गावातल्या जुन्या घरांतले पंच. देवळात बसतात आणि ठरवतात. ग्रामपंचायतीची निवडणूक आली की कोण उभं राहणार हे आधी गावकी ठरवते आणि निवडणूक बिनविरोध होते. गेल्या खेपेला आमच्या वॉर्डातली जागा बायकांसाठी राखीव आली. गावकीनं थोरल्या पंचांच्या सुनेचं नाव ठरवलं. मी पेणला जाऊन माझा अर्ज भरला.

दुसऱ्याच दिवशी थोरले पंच आमच्या ओट्यावर येऊन बसले. गोड माणूस हो, आवाज कधी चढवायचे नाहीत. सासूनं चहा दिला.

"सूनबाई, अर्ज मागं घ्या. गावाचं ठरलंय."

"मला कुठं विचारलं कोणी, काका? मी गावात नाय काय?"

"बायकांना गावकीत कधी विचारलंय?"

"अहो, जागाच बायकांची हाय!"

ते हसले. कप खाली ठेवला, त्यात अर्धा चहा तसाच. "छान झालाय चहा," म्हणाले. "परत तुमच्या घरचा प्यायला मिळंल की नाय, देव जाणे." आणि चप्पल घालून शांतपणे निघून गेले. सासू बराच वेळ त्या कपाकडं बघत बसली. तिचा उभा जन्म मिठागरात गेलेला, मिठानं तळपाय फुटलेले. ती सहसा कोणाला घाबरत नाही. त्या दिवशी तिनं कप धुतला आणि फळीवर न ठेवता चुलीमागं ठेवून दिला.

निवडणूक मी हरले, आपटलेच म्हणा. पण मतं मोजली तर आमच्या घरातल्या मतांहून थोडी जास्त निघाली. म्हणजे गावातल्या कोणीतरी गुपचूप मला मत दिलं होतं. घटनेनं प्रत्येकाला मत दिलं आणि ते झाकून द्यायची सोयही केली, म्हणून ते जमलं. थोरल्या पंचांना माझ्या हरण्याचा आनंद झाला नाही. ती वरची मतं कोणाची, हा किडा त्यांच्या डोक्यात शिरला.

आणि आम्हाला वाळीत टाकलं. कागद नाही, शिक्का नाही. नवऱ्याला देवळाबाहेर उभं करून सांगितलं, बस. आमच्याशी जो बोलेल त्याला गावकीचा दंड. दुसऱ्या दिवशी दुकानदार साखरेच्या उघड्या पोत्याशेजारी बसून मला "साखर संपली" असंही म्हणाला नाही, नुसता माझ्या आरपार बघत राहिला. किराणा आम्ही जिते गावाहून आणायला लागलो, दळण रामवाडीहून. नवरा डोलवीला कंपनीत ठेकेदाराकडं कामाला. शिफ्टच्या गाडीत गावची पोरं त्याच्या शेजारची सीट रिकामी सोडून उभी राहायला लागली. अस्सा संताप यायचा! भांडायलासुद्धा कोणी समोर नाही.

मला सगळ्यात जास्त लागलं ते शेजारणीचं. आमच्या दोघींच्या परसात फक्त एक कुंपण. तिच्या जवळ्याची चटणी आणि माझे सोललेले वाल त्या कुंपणावरून इतके इकडंतिकडं झालेत की कोणतं भांडं कोणाचं ते आम्हालाच कळायचं नाही. पण थोरले पंच तिचे चुलत सासरे. ती आता मी नळावरून परत आले की मगच हंडा घेऊन निघायची. माझी एक वाटी अजून तिच्याकडं होती, तीही परत आली नाही.

अशात श्रावणातली अमावास्या आली. अमावास्येचं उधाण भर दुपारी चढतं. नवरा पहिल्या शिफ्टला गेलेला. मी शेत बघायला गेले आणि बांधाच्या आतल्या पायथ्याशी पाणी बुडबुडताना दिसलं. सासूनं शिकवलेलं होतं: नितळ पाणी येत असेल तर अजून वेळ आहे, गढूळ येत असेल तर आतली माती निघालीय. हे चहासारखं गढूळ होतं. मी चिखल कोंबला, गवत कोंबलं, वर पाय देऊन उभी राहिले. पायाखाली बांध हलत होता.

मी गावाकडं पळत सुटले आणि हाक दिली. "खांड जातेय! चला! बाहेरकाठ्यावर चला!"

कोणी उठलं नाही.

पहिल्या घरात टीव्ही चालू होता. त्याचा आवाज बारीक झाला, म्हणजे ऐकलं होतं. पुढच्या अंगणात एक जण फावड्याला दांडा बसवत होता. फावड्यालाच! त्याचा हात थांबला, त्यानं थोरल्या पंचांच्या ओट्याकडं बघितलं आणि पुन्हा दांडा ठोकायला लागला. थोरले पंच ओट्यावर पेपर वाचत होते. मी त्यांच्या अंगणात उभी राहून ओरडले, "काका, तुमचं शेतबी त्याच बांधाखाली हाय! माझ्याशी बोलू नका, पण उठा तरी!" त्यांनी पेपराचं पान उलटलं. त्यांना वाटलं असणार, बाई नाटक करतेय, गावानं आपल्या हाकेला उठावं म्हणजे वाळीत आपोआप मोडेल. शेजारीण दारात सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. तिचा हात थांबला. माझ्याकडं बघितलं, मग त्या ओट्याकडं, आणि आत जाऊन दार लावलं. मला कडीचा आवाज आला.

मी आणि सासू, आम्ही दोघी बायका घमेलं घेऊन परत गेलो. आम्ही पोचलो आणि आमच्या डोळ्यांदेखत बांध बसला. मोठा आवाजसुद्धा झाला नाही. माती आपल्या जागी नुसती खाली गेली आणि तिथून खाडी आत आली. मग शेतात पाणी शिरलेलं दिसलं तशी मागून माणसं धावत आली, सगळ्यांच्या हातांत फावडी. पाणी शेतांतून सरकताना बघत उभी राहिली सगळी, आणि त्यांतलं कोणी आमच्याकडं बघेना.

मला वाटलं होतं, आता तरी यांचे डोळे उघडतील. कसलं काय! आठवड्याभरात गावभर झालं की बांध मीच फोडला, हरल्याचा सूड म्हणून. पंचनाम्याला तहसीलचे साहेब आले तेव्हा थोरले पंच त्यांना आपल्या गोड आवाजात म्हणाले, "साहेब, गावाचा नियम हाय, जो गळती बघंल त्यानं हाक द्यायची. हिनं दिली नाय." मी हाक दिली नाही! मी! साहेबांनी एकेकाला विचारलं. टीव्हीवाल्यानं सांगितलं, नाय ऐकली. फावडंवाल्यानं सांगितलं, नाय ऐकली. शेजारणीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळत मान हलवली. कारण ऐकली म्हणावं, तर पुढचा प्रश्न तयार: मग उठला का नाहीस? हाक ऐकून न उठणं, याच्याएवढं पाप आमच्या गावात दुसरं नाही.

मग निरोप आला. तोही आम्हाला थेट नाही. आमच्या अंगणाशी उभं राहून दोघे जण एकमेकांशी बोलल्यासारखं बोलले. होळीपर्यंत या घरानं गाव सोडावं, नाहीतर बांध फोडल्याची तक्रार होईल. आमच्या शेतात मीठ, आता घरही जाणार. नवरा रात्री जेवेनासा झाला. मी पोलिसांकडं गेले. तिथला साहेब बरा माणूस होता, सगळं लिहून घेतलं. म्हणाला, "बाई, घटना तुमच्या बाजूनं आहे, वाळीत टाकण्याविरुद्ध कायदाही आहे. पण ती हाक ऐकलेलं गावातलं एक तरी माणूस आणा." एक तरी. ते एक मी कुठून आणू, सांगा!

सव्वीस जानेवारीला सासू म्हणाली, "झेंड्याला जायचं. झेंडा काय गावकीचा नाय." गेलो. आम्ही दोघी शाळेच्या फाटकाशी उभ्या राहिलो. आजूबाजूची माणसं सरकली आणि आमच्याभोवती मोकळी जागा झाली. झेंडा वर गेला. शाळा समितीच्या वतीनं उद्देशिका सांगायला थोरले पंच उभे राहिले, मागून सगळ्यांनी म्हणायची. त्यांनी "आम्ही, भारताचे लोक" म्हटलं, आणि माइक बंद पडला. त्यांचा तो मऊ आवाज पहिल्या रांगेपलीकडं पोचेना. मुलं गडबडली, कोणी पुढं गेलं, कोणी मागं राहिलं.

मी काही ठरवून केलं नाही, शप्पथ. शाळेतली सवय, तोंडातून आपोआप निघालं. माझ्या आवाजात मी पुढची ओळ म्हटली, आणि त्याच्या पुढची. मुलं माझ्यामागून म्हणायला लागली. न्याय झालं, स्वातंत्र्य झालं, समानता झालं. बंधुता झालं. पटांगणाच्या टोकाला उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांनीही माना वळवल्या. ऐकू येत नाही असं आज कोणाला म्हणता येणार नव्हतं.

संपलं. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून कोणीतरी म्हणालं, "ह्योच आवाज. त्या दिवशीबी असाच आला व्हता."

"कोण बोललं?" थोरल्या पंचांनी विचारलं.

"मी, मामा." शेजारीण होती. पोराचा हात घट्ट धरलेला. "हिची हाक मी ऐकली व्हती. सगळ्यांनी ऐकली. तुम्हीबी ऐकली. पेपराचं पान उलटलंत तुम्ही, मी दारातून बघितलं."

थोरले पंच हसले, तसंच, चहा पिताना हसले होते तसं. तिच्या बाजूच्या बायका एकेक करून मागं सरकल्या आणि तिच्याभोवतीही मोकळी जागा झाली. तिचा नवरा पुढं आला. मला वाटलं, तिच्या बाजूला उभा राहील. त्यानं पोराचा हात तिच्या हातातून सोडवून घेतला आणि पोराला घेऊन फाटकातून निघून गेला.

ती एकटीच पटांगण ओलांडून माझ्यासमोर आली. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा बोलली. "मत पण मीच दिलेलं," म्हणाली. मग म्हणाली, "आता काय व्हईल गो?"

सासूनं तिच्या पाठीवर हात ठेवला. "उद्या सकाळची गाडी धरून पेणला जावा दोघी. साहेबाला माणूस हवा व्हता ना? आता घरी चला."

आमच्या घराआधी तिचं घर लागतं. दाराला आतून कडी होती. आत पोर रडत होतं, ते ऐकू येत होतं. तिनं दार वाजवलं, नवऱ्याला हाक मारली, पोराला हाक मारली. समोरच्या ओट्यावर माणसं बसलेली होती. कोणी उठलं नाही.