खिळ्यावरचा बिल्ला

"बायका जागच्या हलत नाहीत." पिंपरीच्या ज्या कारखान्यात मी मॅट्रिकनंतर लागले, तिथे आम्हाला का घेतलं याचं कारण सुपरवायझरने पहिल्याच दिवशी असं सांगितलं. पुरुष विडीला उठतात, चहाला उठतात, काही नसलं तर गप्पा हाणायला उठतात. बायका हलत नाहीत. आम्ही सगळ्या माना खाली घालून लाजलो. कौतुक वाटलं आम्हाला. ते कौतुक आज आठवलं तरी माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते.

रेडिओत बसायच्या छोट्या कॉइल आम्ही बनवायचो. केसासारखी बारीक तांब्याची तार गुंडाळायची, टोकांना कथलाचा डाग द्यायचा आणि शेजारणीकडे सरकवायचं. एक उठली की पुढच्यांचे हात रिकामे. म्हणून बिल्ला होता. तळहाताएवढा पितळी बिल्ला, सुपरवायझरच्या टेबलामागे भिंतीतल्या खिळ्याला टांगलेला. जिला जायचं असेल तिने तो गळ्यात अडकवायचा आणि जायचं. अख्ख्या लाइनीला एकच. टेबलासमोर फिटर लोकांचं खातं, त्यामुळे बिल्ला उचलला की ही बाई आता कुठे निघाली हे सगळ्या पुरुषांना कळायचं. सुपरवायझर बोलायचा नाही. मनगटावरचं घड्याळ बघायचा आणि आपण परत आलो की पुन्हा बघायचा.

यावरचा उपाय आम्हाला कोणी शिकवावा लागला नाही, तो आम्ही माहेरूनच घेऊन आलो होतो. माझी आई शाळेत शिक्षिका. शाळेत बायकांची सोय नव्हती. सकाळी अर्धा कप चहा, त्यानंतर पाणी थेट संध्याकाळी घरी आल्यावर. "बाईमाणसाने पाणी बेताने प्यावं," असं ती म्हणायची आणि ते आम्हाला शहाणपण वाटायचं. माझ्या डाव्या हाताला एक रहाटणीची बसायची. घर शेतकऱ्याचं, लग्नाला चार वर्षं झालेली, हसायला लागली की थांबायची नाही. तिच्याकडेही तेच. बाईने जायचं ते उजाडायच्या आत, नाहीतर अंधार पडल्यावर. मधल्या दिवसात बाईला लघवी नसतेच!

बिल्ल्याला महिनोन् महिने हात न लावणारी म्हणून तिची ख्याती झाली. वर्षअखेरीला कंपनीने उत्तम कामगार म्हणून तिला बक्षीस दिलं. काय दिलं असेल? पाणी प्यायचा स्टीलचा जग. देणाऱ्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या. तो जग तिने घरी नेलाच नाही. म्हणाली, "न्हेला तर नणंदेच्या रुखवतात जाईल. हितंच ऱ्हाऊ दे." बाकाखालच्या फळीवर तो उपडा पडून असायचा, कोरडा.

मग तिला दिवस गेले. लग्नाच्या पाचव्या वर्षी. मला तिने जेवणाच्या सुट्टीत कानात सांगितलं आणि मग स्वतःच सगळ्या कँटीनला ऐकू जाईल एवढी हसली. पण पोटुशी बाई किती वेळ धरून बसणार? एकदा एकाच पाळीत तिला तीनदा बिल्ला घ्यावा लागला. तिसऱ्यांदा सुपरवायझर नुसतं घड्याळ बघून न थांबता म्हणाला, "काय, आज पवनेला पूर आला का?" फिटर लोक खदाखदा हसले. ती न जाताच बिल्ला परत खिळ्याला अडकवून जागेवर येऊन बसली. त्या दिवसापासून तिने घरून निघताना घोटभर चहासुद्धा सोडला.

पुढे लघवीला जळजळ सुरू झाली. "उन्हाळी लागली असंल," ती म्हणाली. ऐन थंडीत! सासूने धण्याचं पाणी दिलं, ते ती रात्री तेवढं प्यायची. मग पाठीत एका अंगाला दुखायला लागलं. मग एक दिवस तापाने फणफणत, पदर गच्च लपेटून ती कामावर आली. घरी राहा म्हटलं तर म्हणे, "रजा बाळंतपणाला साठीवलीय. हिव भरलंय नुसतं, जाईल." तारेचं टोक तिच्या बोटांत थरथरत होतं. तिचं काम मी माझ्याकडे ओढून घेतलं. आणखी काय करायचं ते मला सुचलं नाही.

त्याच दिवशी कँटीनमध्ये आरोग्यावर व्याख्यान होतं. आरोग्यावर! कंपनीचे डॉक्टर मोठा रंगीत तक्ता घेऊन आले होते. माणूस चांगला होता, समजावूनही छान सांगत होता. पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांना घेवड्याच्या दाण्याच्या आकाराची दोन मूत्रपिंडं. अंगातलं सगळं रक्त दिवसभरात पुन्हा पुन्हा त्यांच्यातून जातं. ती रक्त गाळतात, कामाचं पाणी नि क्षार परत रक्तात धाडतात आणि नको ते थोड्या पाण्याबरोबर दोन बारीक नळ्यांतून खाली मूत्राशयात सोडतात. थेंब थेंब, अखंड. त्यांना शिफ्ट नाही, सुट्टी नाही. मूत्राशय भरलं की मेंदूला निरोप जातो. लघवी हा शब्द आला तशा सगळ्या बायकांनी माना खाली घातल्या आणि मागच्या बाकांवर खसखस पिकली.

डॉक्टर सांगत राहिले. पाणी कमी प्यायलं, लघवी वारंवार दाबून धरली, तर जंतू धुऊन जायचे ते तिथेच वाढतात. बायकांचा मार्ग आखूड, त्यामुळे ते लवकर आत शिरतात. गरोदरपणात त्या नळ्या सैलावतात, दाबल्या जातात, आणि जंतू थेट मूत्रपिंडापर्यंत चढतात. आधी जळजळ, मग एका अंगाला पाठ दुखणं, मग थंडी वाजून ताप. मी डावीकडे बघितलं. ती भिंतीला टेकून, कुशीवर हात दाबून बसली होती. डॉक्टर तक्त्यावर जे दाखवत होते ते माझ्या शेजारी कुडकुडत होतं. आणि तेवढ्यात ते हसून म्हणाले, "तेव्हा भगिनींनो, भरपूर पाणी प्या!"

मी उभी राहिले. चारचौघांत कधी न बोललेली मी. म्हटलं, "पाणी पितो डॉक्टर. पण मग जायचं कसं? आमच्यात बिल्ला एक आहे." डॉक्टरांना बिल्ला म्हणजे काय ते कळेना. त्यांनी शेजारी बसलेल्या पर्सोनेल खात्याच्या साहेबांकडे बघितलं, साहेबांनी सुपरवायझरकडे, आणि सुपरवायझर म्हणाला, "सोय आहे की. कोणाला अडवलंय का कधी?" उचलली जीभ लावली टाळ्याला!

व्याख्यान संपल्यावर मी तिला दंडाला धरून डॉक्टरांपुढे नेलं. त्यांनी पाठीवर बरगडीखाली हलकेच बुक्की मारली मात्र, ती किंचाळली. कंपनीच्या गाडीतून तिला तसंच पुण्याला इस्पितळात नेलं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मूत्रपिंडाला सूज आहे. ते सावरेल. पण मूल अवेळी येऊ नये म्हणजे मिळवली."

दुसऱ्या दिवशी तिच्या स्टुलाकडे बघून सुपरवायझर म्हणाला, "म्हणूनच लग्न झालेल्या बायका घेऊ नयेत म्हणतो मी." त्याला राग आला नव्हता, वाईटही वाटलं नव्हतं. मला वाटतं, तो चिडून बोलला असता तर मी गप्प बसले असते.

मी फळीवरचा तिचा जग काढला, विसळला, नळावर भरून आणला आणि उभ्यानेच पोटभर प्यायले. मग उजवीकडच्या तळेगावच्या बाईकडे दिला. तीही प्यायली. पुढचीने घेतला. जग रिकामा झाला की कोणीतरी भरून आणत होती. कोणी काही ठरवलं नव्हतं. सुपरवायझर बघत होता, पण पाणी पिऊ नका असं म्हणायला त्याची जीभ रेटेना.

तासाभराने मूत्रपिंडांनी त्यांचं काम केलं. पहिली उठली, बिल्ला घेतला, गेली. ती परतायच्या आत दुसरी टेबलाशी उभी, तिच्यामागे तिसरी. "एकेक जा, एकेक!" तो ओरडला. "एकेकच जातोय," तळेगावची म्हणाली. फिटर लोक आधी हसले. मग रांग संपेनाच, तेव्हा त्यांचं हसू ओसरलं. दुपारपर्यंत लाइनीवरचं काम ठप्प झालं. दुसऱ्या दिवशीही आम्ही पाणी प्यायलो, तिसऱ्या दिवशीही.

तेव्हा पर्सोनेलचे साहेब स्वतः खाली आले. बिल्ला काढला, खिळा उपटला आणि उठलेल्या बाईच्या जागी बसायला एक जास्तीची बाई दिली. एवढंच करायचं होतं. एवढंसं! आणि वर म्हणाले, "अहो, मग आधी सांगायचं ना." या वाक्याचा राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही, जाऊही नये.

तिचं मूल सातव्या महिन्यात झालं आणि दोन दिवस जगलं. मुलगी होती.

पावसाळ्यानंतर ती परत आली. वाळली होती, हसणं गेलं होतं. मी जग भरून तिच्यासमोर ठेवला आणि आता कोणाला विचारावं लागत नाही एवढं सांगितलं. "व्हय?" तिने विचारलं. आणि प्यायली, सगळा जग.

मग ती उठली. सवयीने पाय टेबलाकडेच वळले. खिळ्याच्या जागी आता पोपडा उडालेलं भोक होतं, तिचा हात तिथे गेला आणि तिथेच राहिला. मला वाटलं, ही आता रडणार. ती वळली आणि शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली, "सायब, मी लघवीला चाललीया. बघा घड्याळ."

फिटरच्या खात्यात एकही माणूस हसला नाही. सुपरवायझरने घड्याळाचा हात टेबलाखाली घेतला, आणि ती चालत गेली.