कोनफळाचं डोकं

आमच्या हरसूलकडे कोनफळ म्हणजे भात संपल्यावरचं पोटभरीचं. लग्न करून एकलहऱ्याला वीजकेंद्राच्या क्वार्टरमध्ये आले तेव्हा मला ते शिजवायचीही लाज वाटायची. तरी आईनं दिलेलं बी कुंपणाशी लावलं होतं. बी म्हणजे कंदाचं डोकं. कंद काढला की डोकं कापायचं, राख फासून सावलीत ठेवायचं आणि पावसाच्या तोंडावर पुन्हा मातीत घालायचं. आमच्याकडे डोकं कुणी खात नाही, विकत तर नाहीच.

शेजारीण नामपूरची. उपासाला नुसत्या चहावर राहायची आणि दुपारी चक्कर येऊन बसायची. एका एकादशीला मी तिला कोनफळ उकडून दिलं. आतला जांभळा रंग बघून ती आधी बिचकली.

"उपासाला चालतं का हे?"

"चालतं. आणि टिकतंही पोटात."

तिनं ते सगळ्या कॉलनीत सांगितलं. पुढच्या वर्षापासून बायका दारात येऊन कोनफळ मागायला लागल्या. मी पण शेफारले, कुंपणभर वेल चढवले.

मग आई गेली. मी दिवसकार्याला गेले, तर भावांनी आईच्या वेलांचा बांध साफ करून टाकलेला. कोनफळाचा एक वेल नाही. म्हटलं, असू दे, माझ्याकडे आहे. परतले तर शिवरात्र होऊन गेली होती आणि आमचे हे खुशीत होते.

"उपासाला सगळं खपलं. अख्खेच कंद दिले. डोकं कापलेलं कोण घेणार?"

मला त्यांचा फार राग आला. बिचारे ड्युटीवरून आल्यावर घरोघर विचारत फिरले. लोकांनी ते डोक्यासकट सोलून, शिजवून कधीच खाल्लं होतं. आईचं बी संपलं, असं मी धरून चालले.

उन्हाळ्यात शेजारणीनं हाक मारली. पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि पदरात तांदूळ घातले.

"नारळ नाय मिळाला. हे चालंल का?"

तिनं सोलताना कापून न्हाणीमागे फेकलेलं कोनफळाचं डोकं होतं ते. ओलीवर त्याला दोन जांभळे कोंब फुटले होते. आई गेल्यापासून माझी ओटी कुणी भरली नव्हती. मी तिथेच रडले.

घरी आल्यावर हे म्हणाले, "आता नीट जप. कुणाला देऊ नको."

मी विळीवर त्याचे एकेका कोंबासकट दोन भाग केले आणि एक शेजारणीच्या कुंपणाशी लावून आले.