मायची खोळ

चोरी, मारामारी, खून अशा फिर्यादी मी नोकरीभर लिहून घेतल्या. ‘आमचा देव बदलला’ ही फिर्याद मात्र एकदाच आली, आणि इतकी वर्षं झाली तरी ती मनातून जात नाही.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. ठाण्यातल्या छापील फॉर्मांवर अजून जुन्याच राज्याचं नाव होतं, ते खोडून आम्ही काम चालवत होतो. दर्यापूरकडच्या एका ठाण्यात मी ठाणेदार होतो. शिपायांची सकाळची गणती आटोपून रोजनामचा बघत बसलो होतो, तर एका गावचे पोलीस पाटील दहा-बारा माणसं घेऊन दारात उभे.

“साहेब, आमची माय गेली. तिच्या जागी कोनतरी बाप्या बसवला.”

मुंशीनं लेखणी खाली ठेवली. मला आधी वाटलं, कोणाची म्हातारी पळवली. मग उलगडा झाला. गावाबाहेर काळ्या दगडाचं जुनं देऊळ, त्यात शेंदरानं माखलेली ग्रामदेवी. तिला सगळे माय म्हणत. काल दुपारी गाव कापूस वेचायला गेलं होतं. संध्याकाळी दिवा लावायला गेले तर माय नाही, आणि हातात गदा घेतलेला, मुकुट घातलेला पुरुष उभा!

“चेष्टा करून राहिले का?” मी खेकसलो.

“देवाची शपथ साहेब. या तुमी, पाहा.”

गेलो सायकलवर. गाभाऱ्यात कंदील धरला आणि मीच आ वासून बघत राहिलो. दीड हात उंचीची मूर्ती, पण काय काम होतं! बोटांची नखंसुद्धा कोरलेली. लोक मागे कुजबुजत होते की मायला पळवून कोणी दुसऱ्या गावचा देव आणून ठेवला.

मी पोलिसाच्या डोळ्यांनी बघू लागलो. मूर्ती मागच्या शिळेतच कोरलेली होती, चार जणांनी पहार लावली तरी हलली नसती. देवळाभोवतीच्या काळ्या मातीत बैलगाडीच्या चाकोऱ्या नव्हत्या. आणि देवाच्या कानामागे, गदेच्या खाचेत शेंदूर अजून चिकटलेला होता. माय आणि हा बाप्या एकच. पिढ्यानपिढ्या चढलेल्या शेंदराची खोळ कोणीतरी अख्खी उतरवून नेली होती. कुठे कुठे अशी खोळ आपसूक गळून पडते, मग लोक ती नदीत सोडतात. पण या गावात कोणाच्या आज्यानंही ती पडलेली पाहिली नव्हती, त्यामुळे आत असं काही असेल हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

पटवून सांगितलं. काहींना पटलं, काहींनी तोंडं वाकडी केली. देवळाच्या पायरीवर पुजारीण बसली होती. सत्तरीची विधवा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिनं माझा आवाज ऐकून हात जोडले.

“मले चोर नोको, साहेब. त्याले सोडा नाही तं फासावर द्या. माही माय आनून द्या. तिच्यात माही पोट्टी हाये.”

धक्क्यानं म्हातारीचं डोकं फिरलं असं मी समजलो. “आणतो, आजी,” म्हणालो आणि सायकलीवर बसलो. किती सहज म्हणालो!

खबर आली ती न्हाव्याकडून. आमच्या धंद्यात न्हाव्याइतका मोठा माणूस नाही, हे मी नव्या शिपायांना नेहमी सांगायचो. तिसऱ्या दिवशी माझी दाढी करता करता तो म्हणाला, “साहेब, शाळेतला ड्रॉइंग मास्तर नखं काढाले आलता. नखात शेंदूर. घासलेटानं हात धुतले म्हने, तरी निघेना. अन् तो मानूस तं कोन्या देवळात पाय ठेवत नाही. काहून बरं शेंदूर?”

अर्धी दाढी तशीच ठेवून उठावंसं वाटलं.

मास्तर बाहेरगावचे, तिशीतले, सडपातळ. मी त्यांना ठाण्यात बोलावलं, बाकावर बसवलं, चहा मागवला आणि एक शब्द बोललो नाही. सराईत चोर अशा वेळी गप्पा मारतो. भला माणूस मात्र गप्प बसवलं की पाझरतो. चहा संपायच्या आत मास्तर रडायला लागले.

“मी चोर नाही हो. पायाशी शेंदराचा टवका उडाला होता, त्यातून कोरलेलं पैंजण दिसलं. मग मला झोप येईना. कोमट तेलाच्या पट्ट्या लावल्या, बांबूच्या कामटीनं सोडवलं. लोखंड लावलं नाही. एवढं सुंदर शिल्प असं दडून राहावं? लोक लांबून बघायला येतील, गावाचं नाव होईल.”

“आणि गावाला विचारलं?”

“ते नाहीच म्हणाले असते.”

“मग तेच उत्तर होतं, मास्तर!” मी टेबलावर हात आपटला. “खोळ कुठाय?”

“नदीत सोडली. रीतच आहे ना तशी.”

हे मात्र खोटं होतं. एवढा वेळ माझ्याकडे बघून बोलणारा माणूस आता कपाकडे बघून बोलत होता. आणि ज्याला पैंजण बघून झोप येत नाही, त्याच्या हातून खोळ पाण्यात सुटणार नाही. “चला, तुमचं ड्रॉइंगचं कपाट दाखवा,” म्हटलं. पंच घेऊन शाळेत गेलो. नकाशांच्या मागे गोणपाटात गुंडाळलेली माय निघाली. गोल चेहरा, चांदीचे डोळे. कडेला लाकडाच्या वलयांसारखे थर दिसत होते.

“फेकवेना,” मास्तर म्हणाले. “किती हात फिरले असतील हिच्यावर.”

पंचनामा झाला, चिठ्ठी लागली आणि माय मालखान्यात दारूच्या मडक्यांशेजारी जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी ओळख पटवायला म्हातारीला बैलगाडीतून आणलं. कायद्याप्रमाणे मी विचारलं, “ही वस्तू कशावरून ओळखता?”

तिनं डोळे मिटले. हात मायच्या गालावरून खाली आला आणि डाव्या खांद्याखाली थांबला. तिथे एक छोटासा खळगा होता. त्यात तिच्या करंगळीचं टोक बसलं.

“माह्या पोट्टीचा आंगठा,” ती म्हणाली. “चार वर्साची होती. मी शेंदूर लावून राहिली होती, तं तिनं मधातच ओल्या शेंदरात आंगठा दाबला. मी तिले मारलं, साहेब. त्याच पावसाळ्यात हिवतापानं गेली. तवापासून मी तेवढ्या जागी शेंदूर लावत नाही.”

मुंशी लिहायचा थांबला. मला माझी आई आठवली. बदल्यांच्या धबडग्यात तिच्या हातचं माझ्याकडे काहीसुद्धा उरलं नव्हतं, साधी गोधडीसुद्धा नाही. त्या क्षणी मला त्या म्हातारीचा हेवा वाटला, हे आज कबूल करतो. मी मुंशीला सांगितलं, “लिहा, डाव्या खांद्याखाली लहान अंगठ्याचा खळगा.”

मास्तरांनी गावापुढे माफी मागितली. विटंबनेचा हेतू नव्हता म्हणून प्रकरण मिटलं, त्यांची बदली झाली. पण बातमी फुटली होती. अकोल्याहून, अमरावतीहून लोक मूर्ती बघायला येऊ लागले. कोणी कोळशानं भिंतीवर नाव लिहिलं, कोणी मूर्तीवर तेल ओतलं, आणि एका शहाण्यानं आठवण म्हणून गदेचं टोकच उडवून नेलं. मी शिपाई नेमला, पण एक शिपाई किती दिवस देऊळ राखणार? वरून हुकूम यायचा तेव्हा येवो.

तोड काढली म्हातारीनं. कोर्टाचा हुकूम झाला, सुपूर्दनाम्यावर तिचा अंगठा घेतला आणि मी माय तिच्या हवाली केली, तेव्हा ती म्हणाली, “पाहनाऱ्याले तो पाहू द्या, दारातूनच. मले ही पुजू द्या, निंबाखाली.” गावानं निंबाखाली कोनाडा बांधला. तेल, शेंदूर, नारळ सारं तिथे. गाभाऱ्याला लाकडी जाळी बसली, आत दिवासुद्धा नाही. पुढे पुरातत्त्व खात्याचे, दगडांची काळजी घेणारे साहेब आले, तेव्हा सांगण्यासारखं त्यांच्याकडे फारसं उरलं नव्हतं.

निवृत्तीनंतर त्या बाजूला गेलो, तेव्हा एसटीतून मुद्दाम उतरलो. जाळीपाशी चार-पाच पाहुणे फोटो काढत होते. मूर्ती स्वच्छ होती. निंबाखाली एक तरुण बाई मायला शेंदूर लावत होती. म्हातारी जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिचं मागे कोणी नव्हतं, त्यामुळे पूजा दुसऱ्या घराकडे गेली होती. बाईचं बोट डाव्या खांद्याशी आलं आणि वळसा घालून पुढे गेलं.

“ती जागा का सोडली?” मी विचारलं.

“सोडतेत जी. काहून, ते मले मालूम नाही. सासूनं सांगतलं, तेथं बोट नाही न्यायचं.”

सांगावं असं फार वाटलं. पण गावानं कारण विसरून रीत जपली होती. त्यात आता मी पोलिसी जबाब कशाला घुसडू? मुद्देमाल परत दिला की आमचं काम संपतं, असं मी आयुष्यभर मानत आलो होतो. ते खोटं निघालं. जपण्याचं काम तिथून सुरू होतं, आणि ते या बाईसारखी माणसं करतात.

ती पाणी आणायला गेली, तेव्हा मी माझा अंगठा हळूच त्या खळग्याशी नेला. मावला नाही. मी हात जोडले आणि रस्त्याकडे वळलो.