सदूच्या वाट्याची मदत

युद्ध पेटलं तेव्हा इराकातल्या बसऱ्याहून आम्ही निघालो ते दोन लॉऱ्यांतून. बंदराकडून तोफांचे आवाज येत होते. सदूने मला खालून ढकलून वर चढवलं. तेवढ्यात जागा संपली. "तू हो पुढं. मी येतो मागल्या गाडीनं," तो म्हणाला. मागली गाडी आलीच नाही.

सदू आमच्या लांज्याकडच्या वाडीतला, माझ्याबरोबरच सुतारकामाला तिकडे आलेला. कुवेतच्या हद्दीवरच्या छावणीत चार दिवस मी येणारी प्रत्येक लॉरी पाहिली. पाचव्या दिवशी आपल्या सरकारचा साहेब आला, युद्धातून पळून आलेल्यांना माणशी रोख मदत द्यायला. कंपनीच्या यादीत माझ्याखाली सदूचं नाव होतं. आडनाव एकच बघून साहेबाने विचारलं, भाऊ का? आमच्या अख्ख्या वाडीचं आडनाव एकच, हे त्याला काय ठाऊक! मी मान हलवली. तापाने पडलाय म्हणालो आणि सही करून त्याचेही पैसे घेतले. चोरी करायची नव्हती. सदू आला नाही हे तोंडाने म्हणायला मी घाबरलो, एवढंच.

रजेवर गावी जाणारा सगळ्यांची पाकिटं घेऊन जातो, हे तुम्हाला सांगायला नको. तसंच सदूच्या मदतीचे पैसे पाकिटात घालून मी तानूकाकीच्या, म्हणजे त्याच्या आईच्या, पडवीत बसलो. सदू मागाहून येतोय, असं सांगून टाकलं. तिने नोटा मोजल्याच नाहीत. पाकीट उलटं करून झटकलं.

"चिठी नाय दिलान?"

घाईत होता, मी म्हटलं.

"हात धड हायत ना त्याचे?"

मी हो म्हटलं. तिने नोटा माझ्या मांडीवर ठेवल्या. "मंग त्याच्याच हातानं घेईन."

ते पैसे अजून माझ्या ट्रंकेत आहेत. आता मी मस्कतला असतो. खोलीत एसी आहे, शुक्रवारी सुट्टी असते, झोपही बरी लागते. पूर्वी रजा मंजूर झाली की जेवण जात नसे आनंदाने. आता भीतीने जात नाही. गावी पोचलो की काकी विचारते, निघाला का सदू? मी म्हणतो, निघालाय. घर म्हणजे मला आता ती पडवी आणि हे एवढं खोटं. काकी थकलीय. ती गेली की सदूची वाट बघणारं कुणी उरणार नाही, आणि मग मला तो मेला असं म्हणावं लागेल.