दोरीच्या आत आलेला मामा

मामाचा राग मला अजून येतो. लोक म्हणतात, जाऊ दे गं, झालं गेलं. का म्हणून जाऊ दे? दादाच्या हातातोंडाशी आलेला घास माझ्या डोळ्यांदेखत गेला. घालवणारा कुणी परका असता तर त्याला मी तिथल्या तिथं उभा-आडवा झोडला असता. पण होता मामा, आईचा सख्खा धाकटा भाऊ, आणि वर म्हणत होता की त्यानं काय केलं.

पेठ वडगावच्या पुढं माळावर मायक्रोलाइट विमानांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली होती. मायक्रोलाइट म्हणजे तीन चाकांवरची दोन माणसांची बैठक, मागं इंजिन आणि पंखा, डोक्यावर कापडाचा मोठा पंख. पुढं दादा बसतो, मागं मी. तो चालवतो, मी नकाशा बघते. लग्न होऊन मी सासरी गेले, मुलं मोठी झाली, तरी ही जोडी मोडली नाही. पण इतक्या वर्षांत पहिल्या तिघांत आम्ही कधी आलो नव्हतो. या वेळी शेवटचे दोनच दिवस उरले होते आणि फळ्यावर आमचा तिसरा नंबर होता.

आणि हे दादाचं शेवटचं वर्ष होतं. त्याच्या रक्तदाबाचं बघून डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, पुढच्या वर्षी उडायच्या कागदावर सही करणार नाही. हे मला ठाऊक होतं, मामाला ठाऊक होतं. आईला तेवढं सांगितलं नव्हतं, कारण रक्तदाब म्हटल्यावर तिनं त्याला त्याच दिवशी घरी बोलावून घेतलं असतं.

आता नियम ऐका, कारण सगळं रामायण त्यावरच आहे. आम्हाला आदल्या वर्षी काढलेले फोटो देतात. एखादं देऊळ, एखादी विहीर, कारखान्याची चिमणी. वरनं ते हुडकायचं आणि नकाशावर टिपायचं. फोनवर रस्ता बघायचा नाही. फोन जवळ असतो तो अडचणीसाठी, आणि तोसुद्धा प्लॅस्टिकच्या सीलबंद पिशवीत. उतरल्यावर विमान दोरीच्या आत उभं करायचं. पंच येऊन सील बघणार. सील धड, तर दिवसाचे गुण. सील फुटलेलं, तर भोपळा. आणि पंच येऊन जाईपर्यंत आम्ही दोघं सोडून दोरीच्या आत चिटपाखरू नाही. यात न कळण्यासारखं काय आहे, सांगा बरं?

मामाचा आजऱ्याला काजूचा कारखाना आहे. छोटाच. आई त्याच्याकडंच राहते. आई माळावर कधी आली नाही. "पोरं वर लोंबकळत्यात आणि मी खाली बसून बघू व्हय?" असं म्हणायची. पण आम्ही उडणार त्या दिवशी, खाली उतरल्याचं कळेपर्यंत तिच्या तोंडात घास जायचा नाही. नुसता निरोप तिला चालायचा नाही, तोंडं दिसली पाहिजेत. म्हणून मामा स्पर्धेभर माळावर मुक्कामाला होता. आम्ही उतरलो आणि दोरी सुटली की मामाच्या फोनवर आईला व्हिडिओ कॉल. "आक्का, उतरली गं दोघंबी. बघ." मग आई जेवायची.

शेवटून दुसऱ्या दिवशी हवा अशी पडली होती की पान हलत नव्हतं. पंचगंगेवर धुकं होतं, आणि त्यातनं जोतिबाचा डोंगर तेवढा वर आलेला. मी एकामागोमाग एक फोटो हुडकत गेले. उसात लपलेली एक विहीर राहिली होती, तीही शेवटी सापडली. मी मागनं दादाच्या पाठीत बुक्की मारली. तो एरवी तोंडातनं शब्द काढत नाही, पण त्या दिवशी हेल्मेटमध्ये ओरडला, "आलं गं आलं!" उतरताना चाकं आखलेल्या पट्ट्यात टेकली. मला वाटलं, झालं. आता काही होत नाही.

विमान दोरीच्या आत नेऊन उभं केलं, तेवढ्यात मामा येताना दिसला. धावत येत होता! हातात गुलालाची पिशवी. आमचं उडणं, उतरणं, सगळं फोनवर टिपण्याच्या नादात त्याच्या फोनची बॅटरी संपलेली. दोरीपाशी आमच्याच भागातला एक कार्यकर्ता उभा होता. त्याचं काम एकच, कुणाला आत सोडायचं नाही. त्यानं मामाला बघितलं आणि दोरी वर धरली. "आपलाच मामा हाय की, जाऊ दे," असं शेजारच्याला म्हणाला. हे मी माझ्या कानानं ऐकलं. परदेशातनं आलेल्या कुणाचा मामा असा दोरीखालनं आत आला असता काय? आमच्याकडं नियम हा फक्त पाव्हण्यांसाठी असतो!

"मामा, न्हाय! मागं फिर! हात लावू नको!" मी घसा फोडून ओरडले. पंखा अजून फिरत होता, त्या आवाजात त्याला वाटलं मी आनंदानं ओरडतेय. दादाच्या हेल्मेटवर, पांढऱ्या कापडावर, माझ्या तोंडावर गुलाल. मी पट्टा सोडवून उठेपर्यंत त्यानं माझ्या गळ्यातली फोनची सीलबंद पिशवी हातात घेतली होती. "आक्का थांबलीया, आक्का उपाशी हाय," म्हणत त्यानं ती दातात धरली आणि टर्रकन फाडली.

पडद्यावर आई आली. "उतरलासा काय रं?"

दादाच्या मिशीवर गुलाल होता. त्यानं फाटलेल्या पिशवीकडं बघितलं, मग आईकडं. "उतरलो आई. जेव तू." आणि मामाच्या मागनं पंच बाई येत होत्या.

मी भांडले. हातात फोन घेऊन दाखवलं, हा बघा कॉल, उतरल्यानंतरचा आहे, वर असताना फोनला बोट लागलेलं नाही. पंच बाई परदेशी होत्या, शांत होत्या, त्याचा मला जास्तच राग आला. म्हणाल्या, तुमच्यावर माझा विश्वास आहे, पण मी माणूस बघत नाही, सील बघते. विश्वास आहे तर गुण द्या की! मग मामा पुढं झाला, छाती काढून. "म्याडम, ह्या पोरांचा काय दोष न्हाय. म्या आत गेलतो, म्या फाडली. काय शिक्षा करायची ती मला करा." संयोजकांतल्या एकानं ते इंग्रजीत सांगितलं. बाईंनी मान डोलावली आणि बाहेरचा माणूस दोरीच्या आत आला म्हणून दुसऱ्या दिवसाचेही थोडे गुण कापायचं लिहून घेतलं. खरं बोलायला गेला आणि उरलंसुरलं घालवून आला. दोरी वर धरणारा कार्यकर्ता तोवर कुठं पसार झाला होता, देव जाणे.

"एवढी कसली घाई होती रे तुला?" मी मामावर तुटून पडले. "जरा दम धरला असतास तर आई मरत होती काय?"

"एक पिशवी ती, प्लॅस्टिकची," मामा म्हणाला. "शंबर आणून देतो."

तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. आणि दादा? दादा ओल्या फडक्यानं पंखाच्या कापडावरचा गुलाल पुसत बसला होता. शिवणीतला निघत नव्हता. "तू बोल की काहीतरी! शिव्या तरी घाल त्याला!" तर हा वर न बघता म्हणतो, "उद्या वारा कुठनं असंल?" मला दोघांनाही धरून बडवावंसं वाटलं. त्यानंतर मी मामाशी बोलणं टाकलं. त्यानं चहा आणून ठेवला, तो तसाच गार झाला.

शेवटच्या दिवशी आम्हाला मिळवायचं काही उरलं नव्हतं, आणि दादा उडाला असा की बास. घाई नाही, हिसका नाही. जोतिबाच्या डोंगरापाशी वळण घेताना त्यानं जरा जास्तच मोठा फेरा घेतला. मी मागनं ओरडले नाही. उतरताना इंजिन बंद करायचं होतं. वाऱ्याचा तेवढा सूंऽ आवाज, आणि चाकं पहिल्याच रेघेवर टेकली. संध्याकाळी फळा बघितला तेव्हा कळलं, मामानं घोळ घातला नसता तर आमचा दुसरा नंबर होता. पदक होतं. ते बघून मी परत पेटले.

पण ते संध्याकाळी. उतरलो तेव्हा पंच बाई आल्या, माझ्या गळ्यातली पिशवी उलटसुलट करून बघितली, अंगठा दाखवून गेल्या. दोरी सुटली. सगळीकडं लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते. मामा मात्र लांब उभा होता, दोन्ही हात पाठीमागं बांधून. दोरी खाली पडली होती तरी पलीकडंच.

"मामा, ये की," दादानं हाक मारली.

"बगितलं काय त्यांनी?"

"बघितलं."

"समदं?"

"व्हय रे. ये."

तेव्हा कुठं तो आला. दादानं माझ्या गळ्यातली पिशवी काढून त्याच्या हातात दिली. "फाड."

"तूच फाड बाबा."

"न्हाई. तूच."

मामानं अंगठ्याचं नख सीलखाली घातलं. काजूच्या तेलानं काळं पडलेलं नख. टरफलातनं अख्खा गर काढावा तसं त्यानं ते सील सावकाश, कुठं न फाटता सोडवलं. ते बघून मला राहवलं नाही. "काल एवढं थांबला असतास तर!"

"व्हय," मामा म्हणाला. वर बघितलं नाही.

फोन लागला. आईचा चेहरा रागानं लाल झालेला. "किती येळ लावलासा रं! काल कसा लगेच केलासा फोन? हितं माझा जीव टांगणीला लागलाय!"

"आक्का," मामा म्हणाला. "आदी ते बगत्यात. मग आपुन."

"कोण ते?"

काल काय झालं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. दादानं मामाच्या हातातनं फोन घेतला आणि हेल्मेट काढलं.

"आई, उतरलो गं," तो म्हणाला. "आता परत वर जायचं न्हाई. कधीच न्हाई."

आईचं सगळं तोंड हसलं. इतकी खूश झालेली मी तिला कधी बघितली नव्हती.

"लई बरं झालं बाबा," ती म्हणाली. "आता जेवते."